लाल पट्टी येईपर्यंत

पाइपातून बोट बाहेर काढलं, तर ते लाल झालेलं होतं.

"शेठ, हे बघा."

"बोट काय दाखवतो, मिस्तरी? इंजिनाचं बोल."

"रिंगा गेल्या. परत."

"वर्षात दुसऱ्यांदा!" शेठ सोमाकडे वळले. "मी काय म्हणत होतो? हा गाडी मारतो. घाटात रेटतो. ड्रायव्हरच बदलून टाकतो, म्हणजे कटकट मिटेल."

सोमा पिकअपच्या मागच्या चाकाशी उभा होता. शेठसमोर तो कधीच काही बोलायचा नाही.

ही गोष्ट नव्वदीच्या शेवटच्या वर्षांतली. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ, हायवेच्या आतल्या गल्लीत माझं डिझेल गाड्यांचं गॅरेज होतं. शेठचं पंचवटीत किराण्याचं होलसेल दुकान. त्यांची ही पिकअप हरसूलकडच्या आश्रमशाळांना किराणा आणि भाजी पोचवायची. सोमा तिकडच्याच एका पाड्यावरचा. सकाळी रिकामी गाडी घेऊन नाशकात यायचा, माल भरायचा, दुपारी शाळांवर उतरवायचा आणि गाडी घेऊनच घरी जायचा.

आता लाल बोटाचं सांगतो. इंजिन डिझेल पितं हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच्या कितीतरी पट ते हवा पितं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. ती हवा गाळायला कागदाच्या घड्यांचा फिल्टर असतो. आम्ही त्याला एलिमेंट म्हणतो. एलिमेंटच्या आधीच्या पाइपात धूळ असणारच. नंतरच्या पाइपात मात्र कणभरही असता कामा नये. तिथली धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि पॉलिश पेपरनं घासावं तशा पिस्टनच्या रिंगा घासून काढते. मग इंजिन ऑइल पितं, निळा धूर ओकतं आणि चढाला मान टाकतं. माझं बोट लाल झालं होतं ते नंतरच्या पाइपात. हरसूलच्या मुरमाचा रंग मी ओळखत होतो.

"शेठ, हा धुळीचा खेळ आहे," मी म्हणालो. "हवा ओढायचं तोंड पुढच्या चाकामागे गुडघ्याएवढ्या उंचीवर आहे. चाक उडवतं ती धूळ सगळी आत. मी तोंड वर नेतो आणि फिल्टर मोठा बसवतो. एक सीझन द्या मला."

"आणि पुन्हा रिंगा गेल्या तर?"

"तर मग तुम्ही म्हणाल तसं."

"तर त्याला सुट्टी आणि तुलाही," शेठ म्हणाले आणि स्कूटरला किक मारून गेले.

सोमाला सुट्टी म्हणजे काय, हे मला माहीत होतं. दिवाळी झाली की त्याच्या पाड्यावरची माणसं द्राक्षबागांवर मजुरीला जातात, ती उन्हाळ्यातच परततात. सोमाची बायको आणि दोन्ही पोरं त्यांच्याबरोबर जायची. पाड्यावर पगाराची नोकरी असलेला हा एकटा. ती नोकरी गेली की तोही छाटणीची कात्री घेऊन टेम्पोत बसणार होता, आणि पोरांना पुढच्या वर्षी शाळेत घालायचा त्याचा बेत तिथेच संपणार होता.

शेठ गेल्यावर मी मागच्या खोलीचं दार लावून अंधार केला. जुन्या एलिमेंटच्या पोटात पेटता बल्ब धरला. कागद धड असेल तर बाहेरून नुसता पिवळट उजेड दिसतो. इथे घड्याघड्यांतून बारीक ठिपके लखलखत होते. कागदाची पार चाळण झाली होती.

"सोमा, हा साफ कोण करतं?"

"मीच. रोज."

"रोज?"

"रोज म्हंजी रोज. हरसूलला पंक्चरवाला हाय ना, त्याच्या कंप्रेसरची हवा मारून घेतो. लय चकाचक निघतो." हे त्यानं जरा ऐटीतच सांगितलं.

मी डोक्याला हात लावला. टायर फुगवायची हवा ती. कागदाला नोझल टेकवून मारली की कागद टिकणार कसा? शिवाय थोडी धूळ बसलेला फिल्टर नव्या फिल्टरपेक्षा चांगला गाळतो. ती धूळच बारीक छिद्रं बुजवते. म्हणून हा कागद उगाच हाताळायचा नसतो. जगातले ड्रायव्हर फिल्टर साफ करत नाहीत म्हणून इंजिनं मरतात. हा पठ्ठ्या रोज साफ करून मारत होता.

"अरे बाबा, रोज कशाला? तुला काय दुसरे धंदे नाहीत?"

सोमानं जमिनीवरचा एक बोल्ट उचलून डब्यात टाकला. मग म्हणाला, "गाडी खाली करून येतो, तर घरी कोन नाय. समदा पाडा द्राक्षावर. पंक्चरवाला असतो, दोन गोष्टी होत्यात."

"मग जायचं, बसायचं. फिल्टर कशाला काढायचा?"

"नुसतं जाऊन बसाया बरं दिसत नाय, मिस्तरी. काम घेऊन गेलं का बरं."

मी तसा तिरसट माणूस. गिऱ्हाइकाला चार शब्द सुनावल्याशिवाय मला पाना धरता येत नाही. पण तेव्हा मी नुसतं दार उघडलं आणि पाना उचलला. माझी बायको सुलोचना जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन येवल्याला. गॅरेजमागच्या दोन खोल्यांत मी एकटा राहायचो. रविवारी कॉलनीतल्या विहारात वंदनेला जायचो, तेवढीच चार माणसं भेटायची. आणि स्पेअर पार्टच्या दुकानातून चार बोल्ट आणायचे असले, तर मी एकेक करून आणायचो. चार खेपा व्हायच्या. दुकानदाराला वाटायचं, म्हाताऱ्याला विसर पडायला लागला.

सोमाचंही माझ्याकडे तसंच होतं. दर आठवड्याला काहीतरी काम निघायचंच. आज होज गळतो, उद्या पट्टा वाजतो. मी ते करायचो, तोवर तो फडक्यातली नागलीची भाकरी आणि लसणाची चटणी सोडायचा, मी स्टोव्हवर चहा टाकायचो. आठवड्यातलं ते एकच जेवण मी दुसऱ्या माणसासमोर बसून जेवायचो. गाडी बरी झाली तर हे थांबणार, एवढं गणित मला येत होतं. पण गाडी बरी झाली नाही, तर सोमाच जाणार होता.

रिंगा बदलून झाल्यावर शेठला नवीन एलिमेंट लागेल एवढंच सांगितलं. जुना मी कापून भट्टीत घातला. पंक्चरवाल्याची गोष्ट कळली असती, तर शेठनी त्याच दिवशी सोमाला घरी बसवलं असतं.

मग मी सामानाच्या शोधाला लागलो. भंगारवाल्याकडे एका मोठ्या ट्रकचं फिल्टर हाउसिंग, म्हणजे फिल्टरचा डबा, मिळालं. त्याच्यात दोन एलिमेंट बसतात, मोठ्याच्या पोटात एक धाकटं. मोठं फाटलं तरी धाकटं इंजिनाला सांभाळतं. जुन्या ट्रॅक्टरवरचा प्रीक्लीनर मिळाला. ही एक पारदर्शक वाटी असते. आत तिरकी पाती असतात, हवा त्यांच्यातून गरगरत जाते आणि जड धूळ वाटीतच पडते. ती केबिनच्या टपाच्याही वर बसवायची ठरवली. मधला पाइप सायलेन्सरवाल्याकडून वाकवून घेतला.

पहिल्यांदा जमलं नाही. पाइप बारीक होता आणि त्याला दोन कोपरे काटकोनात होते. त्र्यंबकच्या पुढच्या घाटात गाडीनं काळाकुट्ट धूर सोडला. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे हवा कमी पडतेय. नाक दाबून माणसाला चढ चढायला लावावं, तसं आम्ही इंजिनाचं केलं होतं.

"मिस्तरी, आता?" सोमाचा चेहरा उतरला.

"आता परत. गाडी फिरव."

जाडा पाइप घेतला, कोपऱ्यांच्या जागी लांब वळणं दिली. प्रत्येक जोडावर रबरी होज आणि दोन-दोन क्लॅम्प. एकही जोड सैल राहिला, तर वरची सगळी मेहनत पाण्यात. जोडांवर साबणाचं पाणी लावून, आतून हळू हवा सोडून बुडबुडे येतात का ते पाहिलं. एकही आला नाही.

दुसऱ्या खेपेला मालासकट घाट चढलो. पूर्वी जिथे दुसऱ्या गिअरवर यावं लागायचं, तिथे गाडी तिसऱ्यावर गेली. धूर नाही. वरच्या वाटीतून मात्र बारीक शिट्टीसारखा सूर यायला लागला, गाडीचा वेग वाढला की चढायचा आणि कमी झाला की उतरायचा.

"गाते का काय!" सोमा हसला. तो हसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

माल उतरवून त्यानं मला पाड्यावर नेलं. दुपार होती. ओळीनं घरं आणि ओळीनं कुलपं. एका पडवीत एक म्हातारी बसली होती, तिनं हात वर केला. बाकी कुणाचा आवाज नाही. सोमानं चूल पेटवली, भाकरी केली. पोरांसाठी आणून ठेवलेल्या नव्या पाट्या खुंटीला टांगलेल्या होत्या. जेवताना तो म्हणाला, "मिस्तरी, आज घरात दोघं जेवतो हाय." मी मान खाली घालून जेवत राहिलो.

निघण्याआधी मी त्याला शेवटची वस्तू दाखवली. हाउसिंगच्या नळीवर मी एक लहान इंडिकेटर बसवला होता. फिल्टर खरोखर चोंदला की त्याच्या काचेत लाल पट्टी येते.

"लाल पट्टी आली की माझ्याकडे यायचं. येईपर्यंत उघडायचं नाही. हात लावायचा नाही. रोज फक्त वरच्या वाटीतली धूळ झटकायची."

"कवा येईल लाल?"

"येईल वर्ष-दीड वर्षानं."

"वर्ष-दीड वर्ष..." तो इंडिकेटरकडे बघत राहिला. "मंग पंक्चरवाल्याकडं काय घेऊन जाऊ?"

"काही न घेता जा."

त्यानं मला एसटीत बसवून दिलं आणि गाडी फिरवली.

सोमा त्यानंतर आला नाही. होज गळत नव्हता, पट्टाही वाजत नव्हता. सगळी दुरुस्ती मी एकदाच आणि नीट करून ठेवली होती ना! उन्हाळा संपता संपता शेठ स्वतः आले. डिपस्टिकवर ऑइल जागच्या जागी होतं. मी पाइपात बोट घालून दाखवलं, कोरडं आणि स्वच्छ निघालं.

"सोमाचं काय, शेठ?"

"काय म्हणजे? चालवतोय की! गाडीला काही झालंय का?" जणू काढायची गोष्ट कधी निघालीच नव्हती.

पोरं आश्रमशाळेत घातल्याचंही शेठकडूनच कळलं. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही. पण शेठ गेल्यावर मी स्टोव्हवर एकट्यासाठी चहा टाकला, आणि फार एकटं वाटलं. मेकॅनिकच्या धंद्याची ही बाजू कुणी शिकवत नाही. काम कच्चं ठेवलं तर गिऱ्हाईक येत राहतं, पक्कं केलं तर हायवेवरून निघून जातं.

निघून जाताना ऐकू मात्र यायचं. द्वारकेच्या चौकात सकाळी इतक्या गाड्या असतात की कान बधिर होतात. त्यातूनही ती शिट्टी मला बरोबर कळायची. मी पाना ठेवून गल्लीच्या तोंडाशी जायचो. कधी टपावरची वाटी दिसायची, कधी नुसता हॉर्न. त्या गर्दीत थांबणार कुठे? थांबायला कारणही नव्हतं.

दिवाळी होऊन गेली. पाडा पुन्हा रिकामा झाला असणार. शाळांचा माल नसलेल्या एका दुपारी शिट्टी गल्लीत शिरली आणि माझ्या दारात थांबली.

"काय झालं?"

"आवाज येतो," सोमा म्हणाला.

"कसला?"

"येतो बारीक. उजवीकडून."

मी बॉनेट उघडलं. पट्टी लाल नव्हती. क्लॅम्प घट्ट, होज धड, पट्टा ताणलेला. गाडी चालू करून कान लावला. मग आम्ही आडगाव नाक्यापर्यंत चक्कर मारून आलो. इंजिन अगदी सुरात होतं. चाळीस वर्षांच्या धंद्यात इतकं निरोगी इंजिन मी क्वचित ऐकलं असेल.

सोमा माझ्याकडे बघत नव्हता. सीटवर फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं, नेहमीपेक्षा मोठं. दोघांपुरतं.

"आवाज आहे," मी म्हणालो. "बारीक आहे, पण आहे. पाहायला वेळ लागेल. तोवर बसावं लागेल तुला."

"बसतो ना," तो लगेच म्हणाला.

मी चहा टाकला. त्यानं भाकरी सोडली. धाकटा पोरगा मास्तरांना कसा त्रास देतो ते त्यानं सांगितलं, मी येवल्याच्या नातीचं सांगितलं. बॉनेट तेवढं उघडं ठेवलं होतं, बरं दिसावं म्हणून. संध्याकाळ व्हायच्या आत मी ते लावून टाकलं.

गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं, "परत आवाज आला तर?"

"येणारच तो. आला की ये."

चांगल्या गाडीला उगाच हात लावू नये, लाल पट्टी येईपर्यंत गॅरेजची पायरी चढू नये, हे मी नंतरही सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत आलो. एकाला सोडून.