भिंतीतलं कार्ड

हॉटेल बघायला म्हणून गेलो आणि हॉटेलात झोपून आलो. झालं असं, की काउंटरवरच्या बाईंनी मला पाचव्या मजल्यावरची खोली उघडून दिली आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. “सर, तुम्ही बघा निवांत, मी आलेच,” म्हणून त्या गेल्या. मी निवांत बघितलं. पडद्यांना हात लावला, रिमोट दाबून टीव्ही लावला, चहाच्या किटलीचं झाकण काढून आत डोकावलो. मग गादी कशी आहे हे नुसतं बसून कसं कळणार, म्हणून बूट काढले आणि आडवा झालो. जाग आली तेव्हा त्या बाई दारात उभ्या होत्या आणि माझा चष्मा उशीखाली होता.

“आवडली वाटतं रूम,” त्या म्हणाल्या.

मुलुंडला घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात बायकोला अहवाल दिला. “गादी झकास. पडदे असे, की भर दुपारी मिट्ट काळोख. नाश्त्याला डोसे समोर काढून देतात. टॉवेलचे हंस करून ठेवतात, हंस!”

“पलंगाजवळ प्लग आहे?”

मी माठातून पाणी काढायला वळलो.

“जनरेटर?”

“असेल ना. एवढं मोठं हॉटेल आहे.”

“तू नक्की काय बघून आलास रे?”

इथे एक खुलासा करायला हवा. आमच्याकडे माझी आई असते, आणि आईसमोर बायको मला ‘अहो’ म्हणते. आई नसली की ‘तू’. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, हा नियम एकदाही मोडलेला नव्हता.

हॉटेल शोधत होतो ते आईसाठीच. तिच्या फुप्फुसांनी दोन वर्षांपूर्वी राजीनामा दिला. तेव्हापासून पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन असतं. छोट्या फ्रिजएवढं, दिवसभर घरघरणारं. खोलीतली हवा ओढून घेतं, तिच्यातला प्राणवायू वेगळा करतं आणि नळीतून आईच्या नाकात सोडतं. चालतं विजेवर. वीज गेली तर हातभर उंचीचं एक सिलिंडर आहे, पण ते दोन-अडीच तासांचं, आणि त्याची चावी फिरवायला मनगटात जोर लागतो. आईची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. मशीनशिवाय ती फार तर दहा मिनिटं बरी असते, त्यानंतर ओठ काळेनिळे पडायला लागतात. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, नळी काढायची ती फक्त तोंड धुताना.

आणि सोसायटीने खाली फळ्यावर नोटीस लावली. मीटर रूमच्या केबल बदलायच्या आहेत, दोन दिवस इमारतीत वीज नसेल.

बहीण गोवंडीला, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मेहुणा सांताक्रूझला, पण त्यांच्याकडे घराचं काम काढलेलं, नुसती सिमेंटची धूळ. राहिलं हॉटेल. घाटकोपरचं हे हॉटेल त्यातल्या त्यात जवळ आणि त्यांच्या जाहिरातीत ‘चोवीस तास वीज’ असं छापलेलं. मी तेवढं वाचलं आणि डोशांकडे वळलो.

दुसऱ्या खेपेला बायको बरोबर आली. पर्समध्ये तिने घरातलं डासांचं मशीन घेतलं होतं, ते प्लगला लावलं की लाल दिवा लागतो ना, ते. खोलीत शिरल्या शिरल्या तिने ते पलंगाजवळच्या प्लगात खोचलं आणि काउंटरवरच्या बाईंना म्हणाली, “आता या मजल्याची मेन लाईन बंद करा.”

“मॅडम, गेस्ट आहेत आमचे...”

“आम्हीपण गेस्टच होणार आहोत. माझ्या सासूबाईंचा श्वास या प्लगवर आहे.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हंसाकडे पाहिलं. शेवटी त्यांचा इलेक्ट्रिशियन आला, लाईन पाडली. काळोख झाला. मी मनात आकडे मोजत होतो. अकरा म्हणतोय तोच खालून जनरेटरची घरघर आली, दिवे लागले आणि डासांच्या मशीनचा लाल दिवाही लागला. मग तिने ते टेबलाजवळच्या प्लगात लावून पाहिलं, तिथे मात्र काही नाही. त्या प्लगाला जनरेटर नव्हताच. मी एकटा आलो असतो तर आईचं मशीन नेमकं तिथेच लावलं असतं, कारण तिथून खिडकीचा व्ह्यू चांगला होता.

निघताना बायको काउंटरवर पुन्हा थांबली. “पाचशे चारमधून फोन आला आणि पलीकडून कोणी बोललं नाही, तरी वर यायचं. कट करायचा नाही. लिहून ठेवता?” बाईंनी लिहून ठेवलं. मला ते जरा अति वाटलं. मी म्हणालोसुद्धा, “काय यार, त्यांना काय वाटेल?” ती दाराकडे निघाली होती.

ठरल्या दिवशी सकाळी सिलिंडर लावून आईला टॅक्सीने आणलं. खोली उघडली, सामान घेऊन आलेल्या माणसाने दाराशेजारच्या भिंतीतल्या खाचेत कार्ड सरकवलं आणि सगळे दिवे एकदम लागले. एक कार्ड भिंतीत, दुसरं त्याने बायकोला दिलं. एवढे दिवे उगाच जळताना बघून माझा हात शिवशिवला. माझे वडील गिरणीत होते. घरात फिरताना रिकाम्या खोलीतला दिवा दिसला की ते विझवायचेच. ती सवय माझ्यात उतरली आहे. मी बाथरूममधून बाहेर येताना आत कोणी आहे का हे न बघता दिवा बंद करतो, असं मुलं म्हणतात.

आईने खोली पाहिली, चादर चिमटीत धरून पाहिली. “ही पांढरीफेक. हळद सांडली तर धुतला कोण?” मग हंसाकडे बघून म्हणाली, “ह्या मोडून दी, माका तोंड पुसूक व्हया.”

पहिला दिवस छान गेला. मशीन घरघरत होतं. मला वाटलं, आपण पास झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको घरी निघाली. हॉटेलचं जेवण आईच्या घशाखाली उतरत नव्हतं, तिला पेज हवी होती. दुसरं कार्ड पर्समध्ये होतं. दारातून वळून ती म्हणाली, “अहो, मी दोन तासांत येते. तुम्ही खोली सोडू नका.” आई समोर होती, म्हणून अहो.

मी पाऊण तास बसलो. खरंच बसलो. पण नाश्ता साडेदहाला बंद होतो असं दारामागे लिहिलेलं होतं आणि दहा वाजून गेले होते. आई डोळे मिटून पडली होती. माझी चुळबुळ तिने मिटल्या डोळ्यांनी ओळखली.

“जा, खाऊन ये. मी खंय पळान जातंय?”

“दहा मिनिटांत आलो.”

परत येताना दार उघडायला कार्ड लागणार, म्हणून मी ते भिंतीतून काढून घेतलं. पाठी वळून पाहिलं. दिवा चालू, मशीन चालू, आईची छाती वरखाली होतेय. दार ओढून घेतलं.

खाली डोशाला रांग होती. माझ्यापुढे चौघं. मी चटणी वाढून घेतली, सांबार घेतलं, ज्यूस घ्यावा की नको यावर विचार केला. डोसा कुरकुरीत होता, हे कबूल करायला हवं. दुसरा घास तोंडात होता आणि कार्ड टेबलावर, त्याच्या कागदी पाकिटात. पाकिटावर हिरव्या पानाचं चित्र होतं आणि खाली बारीक अक्षरात दोन ओळी. खाताना समोर जे असेल ते मी वाचतो. ‘वीज वाचवा. कार्ड काढल्यावर काही सेकंदांत खोलीतील वीजपुरवठा आपोआप बंद होतो.’

ते मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला थांबलो नाही.

लिफ्ट सातव्या मजल्यावर होती. बटण दाबलं, परत दाबलं. सहा. सहावर ती थांबली, कोणी तरी सामान चढवत असावं. मी जिन्याकडे धावलो. मी चौपन्न वर्षांचा आहे आणि जिमचं कार्ड पाकिटात घालून फिरतो, जिमला मात्र दोनदाच गेलोय. दुसऱ्या मजल्यावर धाप लागली, तिसऱ्यावर कठडा धरला. हवा आत येतच नव्हती. तेव्हा मला कळलं, आईला रोज कसं होतं ते. किती मिनिटं झाली असतील? रांगेची पाच, खाण्याची दोन, ज्यूसची एक... हिशोब पुढे करवेना.

पाचशे चार. कार्ड लावलं, लाल दिवा. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. हाताला चटणी होती. कार्ड पँटला पुसलं, तिसऱ्यांदा लावलं आणि हिरवा दिवा लागला. त्याच क्षणी मागून लिफ्ट उघडली आणि काउंटरवरच्या बाई हातात मास्टर कार्ड घेऊन अक्षरशः पळत आल्या.

आत मिट्ट काळोख. मी ज्यांची तारीफ केली होती तेच पडदे. काळोखात मशीनची टिटिटिट चालू होती, वीज गेल्याची. मी चाचपडत खाच शोधत होतो. बाईंनी माझ्या हातातलं कार्ड घेतलं आणि बरोबर सरकवलं.

आई पलंगाच्या कडेला बसली होती. एका हाताने गादी घट्ट धरलेली, दुसऱ्या हातात फोनचा रिसीव्हर. ओठ जांभळे. बोलत नव्हती, खांदे नुसते वर-खाली होत होते. मशीन परत सुरू झालं, पण त्याला पूर्ण जोर धरायला वेळ लागतो. मी सिलिंडरकडे गेलो. चावी सापडेना. मग दिसली, बायकोने ती लाल दोऱ्याने सिलिंडरच्या मानेलाच बांधून ठेवली होती. फिरवली. नळी बदलली. आईच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला.

एक्क्याऐंशी.

बाई आईच्या पाठीवर हात फिरवत होत्या. “श्वास नाकाने घ्या आजी, नाकाने.” त्र्याऐंशी. मी त्या आकड्यावरून नजर काढत नव्हतो. पंचाऐंशी. परत चौऱ्याऐंशी. आयुष्यात इतकी वर्षं मी आकडे बघत आलो, दहावीचे, पगाराचे, शुगरचे, पण एका आकड्याला असं कधी विनवलं नव्हतं. सत्त्याऐंशी. नव्वद.

ओठांवर रंग आला तशी आई माझ्याकडे वळली. दोन श्वास घेतले, मग म्हणाली, “लाईट तूच घालवलंस मां?”

मी मान हलवली.

“बापाशीवर गेलंस.”

बाईंनी सांगितलं, खाली फोन वाजला, उचलला तर बोलणं नाही, नुसता श्वास आणि मागे टिटिटिट. वहीत ती ओळ होतीच. “आणि सर, फ्रिजचा प्लग कार्डावर नसतो. तो कायम चालू. तुम्ही विचारलं असतंत तर आम्ही मशीन तिथेच लावून दिलं असतं.” फ्रिज पलंगाच्या पलीकडेच होता, दोन हातांवर. त्यातलं चॉकलेट मी आदल्या दुपारीच खाल्लं होतं.

बायको पेजेचा डबा घेऊन आली तेव्हा सगळं जागेवर होतं. मशीन फ्रिजच्या प्लगात, सिलिंडर बंद, हंस मी पुन्हा करायचा प्रयत्न केला होता. आईने आधीच सांगून टाकलं, “काय्येक जावक नाय गो.”

तिने डबा ठेवला. मशीनची जागा पाहिली. सिलिंडरच्या काट्याकडे पाहिलं, तो काल होता त्याच्या खाली आला होता. मग माझ्या पँटवरच्या चटणीकडे पाहिलं.

“तू खाली गेला होतास,” ती म्हणाली.

आईसमोर. तू.

मी सगळं सांगितलं. माझं सांगून झाल्यावर तिने हात पुढे केला, “पाकीट दे.” माझ्या पाकिटातून जिमचं कार्ड काढलं, भिंतीतलं कार्ड काढून त्या जागी ते सरकवलं. दिवे राहिले. खाचेला कुठलंही कार्ड चालतं, हे तिला बघताक्षणी सुचलं, मला तिथे झोपूनही कळलं नव्हतं. मग ती आईला पेज भरवायला बसली. प्रत्येक चमच्याआधी ती चिमट्यावरचा आकडा बघत होती आणि ते आईलाही दिसत होतं.

संध्याकाळी घरी आलो. वीज आली होती. पुढचे तीन दिवस बायको माझ्याशी कामापुरतं बोलली, आणि आई समोर असो नसो, ‘तू’च. “तू बाजूला हो.” “तुझा डबा.” आई ऐकायची आणि भिंतीकडे तोंड करायची. हॉटेलकडून मोबाईलवर मेसेज आला, आमच्या सोयीसुविधा कशा वाटल्या, तारे द्या. गादी, नाश्ता, खोली, सेवा, प्रत्येकापुढे पाच रिकामे तारे. गादीला आणि नाश्त्याला काहीच देववेना. ‘सेवा’पुढचे पाचही भरले आणि खाली लिहिलं, इथे फोन उचलतात.

चौथ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघालो. आईच्या खोलीत डोकावलो, मशीन घरघरत होतं, बायको आईची वेणी घालत होती. बाहेर पडता पडता माझा हात आपोआप दाराजवळच्या बटणांकडे गेला. पोचायच्या आत थांबला, पण तिने पाहिलं होतं.

“अहो,” ती म्हणाली, वेणीवरून नजर न काढता, “जाताना काहीही बंद करू नका.”