भाऊंचा मोर्चा

आमच्या पनवेलच्या कॉलेजात त्यांना सगळे नुसतं भाऊ म्हणतात. ते नक्की कोणत्या वर्षाला आहेत, हे विचारायची पद्धत नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, आणि कोणी काहीही गाऱ्हाणं सांगितलं की एकच वाक्य, "ताई, विषय आपण लावून धरू."

यंदा अभ्यासक्रम बदलला, परीक्षेची पद्धत बदलली आणि पेपर लिहूनही निकालात मी गैरहजर निघाले. ते दुरुस्त झालं नाही तर पुढच्या वर्षाचा प्रवेश जाणार होता. गव्हाणला घरी सांगितलं, तर आई म्हणाली, "तू गेली व्हतीस ना पेपराला? मंग ते नाय कसं बोलतान?" कॉलेजातही कोणी उत्तर देईना. माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं ते फक्त भाऊंनी. हे खरं आहे.

मग मोर्चा निघाला. भाऊंनी घसा बसेपर्यंत प्राचार्यांचा राजीनामा मागितला. तेवढ्यात प्राचार्यच बाहेर आले. भाऊंनी चटकन चपला काढल्या आणि ते त्यांच्या पाया पडले. मागच्यांना वाटलं, हाही मोर्चाचाच भाग असेल. सगळे रांगेनं पाया पडू लागले. गोंधळलेले सर प्रत्येकाला "यशस्वी व्हा" म्हणत राहिले.

माझी पाळी आली. मी धीर करून म्हटलं, "सर, माझा निकाल..."

"ताई, आधी पाया पड ना," भाऊ कानाशी पुटपुटले. "बरं दिसत नाय."

मी वाकले. उठले तेव्हा सर गाडीत बसले होते आणि भाऊ अदबीनं गाडीचं दार लावत होते.