शाळेचा पैरा

तालुक्याच्या शिक्षण कार्यालयातून फोन आला, की तुमची शाळा चांगली, तेव्हा डोंगरातल्या एका मागे पडलेल्या शाळेचा हात धरा. मी वह्या तपासत बसले होते. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी मोठ्यानंच म्हणाले. हेडमास्तर मात्र खुशीत होते. चांगली शाळा म्हणवून घ्यायला कुणाला आवडत नाही?

आमची शाळा रामनगरच्या बाजूची, मराठी. बहुतेक मुलांची मुळं खानापूर-बेळगावकडची. माझंही माहेर खानापूरचंच. आमच्या गळ्यात पडलेली शाळा बाजारकुणंगच्या पुढं, जंगलातल्या एका वाडीवरची, कानडी. तिथं एकच शिक्षिका, विजापूरकडून आलेली तरुण मुलगी. मुलं तिला अक्कोरू म्हणायची. मुलं चांगली चुणचुणीत होती, झाडावर खारीसारखी चढायची, पण बाहेरचं माणूस समोर आलं की एकही तोंड उघडत नसे. तपासणीच्या साहेबांनी पुस्तक पुढं केलं आणि सगळ्या माना खाली गेल्या. साहेब सांगून गेले, की उन्हाळ्याआधी पुन्हा येईन, तेव्हाही मुलांनी वाचून दाखवलं नाही तर ही शाळा बंद करून मोठ्या गावच्या शाळेला जोडावी लागेल. मोठ्या गावाची वाट जंगलातून जाते आणि त्या वाटेवर गवे असतात. वाडीतली माणसं लहान पोरांना तिकडं धाडणार नव्हती, मुलींना तर नाहीच. शाळा गेली की त्यांचं शिकणं तिथंच संपणार होतं.

हे सगळं मला अक्कोरूनं पहिल्या भेटीत सांगितलं. मग कोपऱ्यातल्या एका मुलीकडं बघून म्हणाली, "ही घरी आजाला अख्खं पुस्तक वाचून दाखवते. मी अंगणातून ऐकलंय. इथं मात्र एक अक्षर नाही." आजा म्हणजे शाळा समितीचा अध्यक्ष.

भात झोडून झाल्यावर आम्ही आमच्या पाचवीच्या मुलांना टेंपोत घालून वाडीवर गेलो. आमच्या मुलांनी गाणी म्हटली, अक्षरांचे खेळ मांडले, गोष्टी वाचून दाखवल्या. त्यांच्या मुलांनी सगळं मन लावून बघितलं, टाळ्याही वाजवल्या. बोललं कुणी नाही. परत निघताना मी चिडले होते, उगाच कशाला लपवू? तेवढ्यात आजा टेंपोपाशी आला.

"बाई, तुमची समदी मिळून किती मानसं आलासा?"

मी आकडा सांगितला. तो "बरं" म्हणून गेला. चहाचे पेले मोजत असेल असं मला वाटलं.

पुढच्या आठवड्यात शाळा भरायच्या वेळेला फाटकाशी गलका झाला. बघते तर वाडीची माणसं बसमधून उतरलेली, हातात कोयते, खांद्यावर कुदळी, बायकांच्या डोक्यावर टोपल्या. मागं पोरं आणि त्यांच्यामागं गोंधळलेली अक्कोरू. हेडमास्तरांचा चेहरा उतरला.

"मोर्चा दिसतोय," ते मला हळूच म्हणाले. "त्यांची शाळा आपल्यामुळं बंद होणार असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं असेल."

"मोर्च्याला कुणी कोनं उकडून आणतं का, सर?" मी म्हटलं. टोपल्यांतल्या त्या उकडलेल्या कंदांचा वास मला फाटकापासूनच आला होता.

आजा पुढं झाला. "पैरा फेडायला आलोय," तो म्हणाला.

पैरा आमच्याकडं कुणाला समजवावा लागत नाही. आज तुम्ही माझ्या लावणीला आलात, उद्या मी तुमच्या. जेवढी माणसं आली तेवढी फेडायची. पैऱ्याला माणसं जमली की पहिला प्रश्नही ठरलेला असतो, कोण नाही आलं? न आलेला आजारी असेल तर संध्याकाळी कुणीतरी त्याच्या घरी जाऊन येतं. एवढं सगळं लहानपणापासून बघितलेलं, पण शाळेचाही पैरा होऊ शकतो हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

हेडमास्तर हसून म्हणाले, "अहो, ती सरकारी मदत होती. ती फेडायची नसते."

आजाला ते लागलं. "फुकटचं कसं घ्यायाचं, सर? मग पुन्यांदा बोलवायाला तोंड न्हाई ऱ्हात."

हेडमास्तरांनी फाटक पुरतं उघडलं. माणसं मागच्या अंगणात गेली, वाढलेलं रान कापू लागली, मोडलेलं कुंपण बांधू लागली. पोरांना मी पाचवीच्या वर्गात मागं बसवलं. तास कानडीचा होता. आमची मुलं बाजारात कानडी फाडफाड बोलतात. पुस्तकातली कानडी आली की बैल चिखलात बसल्यासारखी बसतात. एक मुलगा वाचायला उठला आणि दुसऱ्याच ओळीत अडकला. मी मदतीला त्याच्या बाकाशी गेले, एवढ्यात मागून कुणीतरी ती ओळ पुरी केली. बारीक, पण स्वच्छ आवाज. मी मान वळवली नाही. वळवली तर तो आवाज थांबेल अशी भीती वाटली.

कोपऱ्यातली ती मुलगी उठून त्या मुलाच्या बाकावर येऊन बसली. ओळीखाली बोट धरून एकेक शब्द वाचायची आणि तो म्हणेपर्यंत थांबायची. थोड्या वेळानं त्यांची बाकीची पोरंही उठली, आमच्या एकेका बाकावर घुसली. वर्गाचा मासळीबाजार झाला. एरवी मी छडी आपटली असती. त्या दिवशी गप्प बसून ऐकलं, आणि मला फार बरं वाटलं. अक्कोरू दारात उभी राहून ओढणीनं डोळे पुसत होती.

निघताना तिनं त्या मुलीला विचारलं, "मग आपल्या शाळेत का गं वाचलं नाहीस?"

"त्या दिशी ही पोरं कामाला आलती," मुलगी म्हणाली. "आज आमी आलोय."

त्यानंतर पाळी सुरू झाली, एकदा आम्ही, एकदा ते. उन्हाळ्याआधी साहेब पुन्हा वाडीवर आले. मुलं त्यांना बघून पुन्हा गोठली. तेव्हा दाराशी बसलेला आजा पोरांना म्हणाला, "सायब लांबनं आलेत. त्यांचा पैरा कोन फेडनार?" पहिली उठली ती त्याची नात. मग एकामागून एक सगळी उठली, आणि साहेब "पुरे, पुरे" म्हणाले तरी शेवटच्या पोरानं आपला धडा संपवूनच पुस्तक मिटलं. शाळा राहिली.

नव्या वर्षात कार्यालयातून निरोप आला, की ती शाळा आता सुधारली, तुमचं काम संपलं, गाडीचा खर्चही बंद. मी स्कूटी काढून आजाला सांगायला गेले.

"सायबांचं संपलं आसंल," तो म्हणाला. "पर मागल्या खेपेला आमी आलतो. पाळी तुमची हाय."

परत आल्यावर मी हे हेडमास्तरांना जरा भीतभीतच सांगितलं. त्यांनी खिडकीतून त्या कुंपणाकडं बघितलं. "पाळी आपली असेल तर जायलाच हवं," म्हणाले, आणि टेंपोवाल्याला त्यांनी स्वतःच फोन लावला.

पाऊस उघडल्यावर आम्ही गेलो. वाडीच्या वळणावर ती मुलगी आधीच येऊन उभी होती. आमची मुलं एकेक करून उतरली, ती प्रत्येकाकडं बघत राहिली. मग सरळ माझ्यासमोर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "बाई, कोण न्हाई आलं?"

वाचताना दुसऱ्या ओळीत अडकलेला तो मुलगा तापानं घरी झोपला होता. मी तसं सांगितलं, आणि संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन येईन असं तिला कबूल केलं.