इद्वालच्या शेतातली पट्टी

एल्विनने आमच्या फुटबॉल क्लबच्या मैदानावर यायचं सोडलं त्याला आता तीन हंगाम झाले. वेल्समधल्या आमच्या रोसवेन गावात कुणी विचारलं तर लोक सांगतात, त्याचे गुडघे गेले. काही जण म्हणतात, क्लब वरच्या लीगमध्ये गेला आणि ह्याला बाजूला सारलं, म्हणून रुसला. दोन्ही खोटं आहे. त्याची बायको नेस्ता ही माझी शाळेपासूनची मैत्रीण. खरं काय ते तिने मला सांगितलं होतं, कुणाला न सांगण्याच्या बोलीवर. आता लिहून टाक म्हणून तीच मागे लागली आहे.

एल्विन आयुष्यभर शाळेची बस चालवत होता. शनिवार मात्र क्लबचा. सकाळी मैदानावरच्या मेंढ्यांच्या लेंड्या उचलायच्या, पांढऱ्या रेषा आखायच्या, जाळी बांधायची, आणि सामना बाहेरगावी असला तर पोरांना मिनीबसमध्ये घालून न्यायचं. तरुणपणी तो डाव्या बाजूला बचावाला खेळायचा आणि त्याच्यामागे गोलमध्ये नेस्ताचा थोरला भाऊ इद्वाल उभा असायचा. एल्विन आणि नेस्ताचं लग्न जमलं तेव्हा जेवणाच्या वेळी इद्वाल उठून म्हणाला होता, "मी सगळे बॉल अडवले, हा एक हातातून सुटला." चॅपलच्या हॉलमध्ये सगळे हसले होते. दोघं एकमेकांशिवाय कुठे जायचे नाहीत. वेल्सचा सामना असला की पहाटे निघून कार्डिफ गाठायचे आणि रात्रभर गाडी हाकून इद्वालच्या मेंढ्यांना चारा द्यायच्या वेळेला परत यायचे. पुढे इद्वालचा मुलगा आलेड चालायला लागला तसा तोही ह्यांच्या खांद्यावर बसून जाऊ लागला.

आलेड सतरा वर्षांचा असताना मोठ्यांच्या संघातून पहिल्यांदा खेळला. सामना किनाऱ्याकडच्या एका गावात होता. मेंढ्यांच्या विण्याचे दिवस, त्यामुळे इद्वालला गोठा सोडता आला नाही. परतताना संध्याकाळी घाटातल्या वळणावर रस्त्याला बर्फाचा पातळ थर धरला होता, डोळ्यांना दिसत नाही असा. मिनीबस घसरली आणि दगडी गडग्यावर आदळली. मागच्या पोरांना खरचटलं, एकाचा हात मोडला. आलेड पुढे, एल्विनच्या शेजारी बसला होता. तो जागीच गेला.

चौकशी झाली. बर्फ, असा निर्णय आला, चालकाचा दोष नाही. इद्वाल निकाल ऐकून उठला, बाहेर गेला आणि तिथून पुढे एल्विनशी एक शब्द बोलला नाही. भांडण नाही, शिवी नाही. रस्त्यात समोरून आला तर टोपी सरळ करायचा आणि पुढे जायचा. नेस्ता भावाकडे जायची, त्याची बायको वारल्यावर त्याचं जेवणही करून द्यायची, पण त्या घरात नवऱ्याचं नाव घ्यायची सोय नव्हती. एल्विनने क्लब सोडला नाही. मिनीबस चालवणं तेवढं सोडलं. शाळेची बस तर चालवावीच लागायची. त्याच घाटातून जायची ती, रोज दोनदा.

अशी वीस-एक वर्षं गेली.

मग तो हंगाम आला. आमचा क्लब म्हणजे कसा, तर गोलकीपर टपाल वाटणारा, बचावाला दोन शेतकऱ्यांची पोरं, पुढे खेळणारा लांबचा, खाटीकखान्यात काम करणारा. ऑगस्टमध्ये पहिले दोन सामने हरलो तेव्हा मी मैदानावर चहा विकते त्या खिडकीपाशी लोक म्हणत होते की यंदा खाली जाणार. मग काय झालं कुणास ठाऊक, हरायचेच थांबले. पावसात जिंकले, चिखलात जिंकले. नाताळपर्यंत आम्ही सगळ्यांच्या वर होतो. रोसवेन कधी देशाच्या पहिल्या लीगमध्ये गेलं नव्हतं. खिडकीवरच्या मटणाच्या पाई, सारण भरून भाजलेल्या, सामन्याच्या उत्तरार्धापर्यंत टिकेनाशा झाल्या.

तेवढ्यात परवान्याचं निघालं. वर जायचं तर छपराखाली इतक्या खुर्च्या पाहिजेत, हा नियम. एक माणूस येऊन मैदान बघून गेला, सज्जन होता, चहा पिऊन गेला, पण जाताना म्हणाला की जागा कुठे आहे तुमच्याकडे? जागा नव्हतीच. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला रस्ता, तिसऱ्या अंगाला चॅपलचं कबरस्तान. उरलं इद्वालचं शेत.

समितीच्या बैठकीत इद्वालचं नाव काढायला कुणी तयार नव्हतं. अध्यक्ष हेविन, औषधांच्या दुकानाचा मालक, एरवी फार बोलका. तोही टेबलाची कड पुसत बसला. कुणीतरी म्हणालं, नेस्ताला पाठवू. कुणी म्हणालं, पाद्र्याला. शेवटी एल्विन म्हणाला, "मी विचारतो." हेविन म्हणाला की बाबा रे, तू सोडून कुणीही. एल्विनने कोट घातला आणि निघून गेला.

नेस्ता बरोबर गेली होती, म्हणून पुढचं मला माहीत आहे. इद्वालने दार उघडलं. एल्विनला उंबऱ्याच्या आत घेतलं, पण बस म्हटलं नाही. एल्विनने उभ्यानेच सगळं सांगितलं, किती रुंद पट्टी लागेल, किती लांब, कुंपण क्लब बांधून देईल. इद्वाल खिडकीतून बाहेर बघत ऐकत होता. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मैदान दिसतं.

"पट्टी घ्या," तो म्हणाला. "पैसे नकोत. पण कुंपण सरकलं की त्या दिवसापासून तू मैदानावर पाय ठेवायचा नाहीस."

नेस्ता म्हणाली, "इद्वाल, अरे काय बोलतोस हे."

"तुला नाही सांगत मी. तू खुशाल जा." मग तो एल्विनकडे वळला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "दर शनिवारी सकाळी मी इथे चहा करतो आणि तू तिथे रेषा आखत असतोस. शीळ घालतोस. मी आता म्हातारा झालो. उरलेले शनिवार मला तू नको आहेस तिथे."

एल्विनने एकच विचारलं, क्लबचा बार, तोही त्यातच आला का. इद्वाल म्हणाला, आला. एल्विन म्हणाला, बरं. येताना रस्त्यात नेस्ता रडत होती, आणि तो तिला सांगत होता की समितीला काही कळायला नको, नाहीतर पोरं ती पट्टी घेणार नाहीत.

मार्चच्या सुरुवातीला कुंपण सरकलं. एल्विनने किल्ल्या हेविनच्या दुकानात ठेवल्या आणि गुडघ्यांचं कारण सांगितलं. लोकांना पटलं नाही. संघ जिंकायच्या बेतात असताना कुणी गुडघ्यांची तक्रार करतं का? माझ्या खिडकीवर एक जण मला म्हणाला, "काय गं ग्वेन्डा, तुमचा एल्विन कुठे लपला? आता मोठी माणसं येणार मैदानावर, तर लाज वाटते का त्याला लेंड्या उचलायची?" मी पाई गरम करत राहिले. उत्तर माझ्या ओठांवर होतं, पण नेस्ताला शब्द दिला होता.

त्याच महिन्यात वेल्सचा मोठा सामना आला. जिंकलो तर स्पर्धेत, हरलो तर घरी. सगळं गाव क्लबच्या बारमध्ये जमलेलं. मी मात्र बारा ब्रिथ, आमच्याकडचा मनुका घातलेला गोड पाव, घेऊन एल्विनकडे गेले, तिघांनी बसून टीव्हीवर बघितला. सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर गेला. शेवटची पेनल्टी आमच्या एका कोवळ्या पोराने मारली, ती अडवली गेली. पोर तिथेच गवतावर बसलं, हातात तोंड लपवून. नेस्ता म्हणाली, बिचारा. एल्विनने टीव्ही बंद केला.

"आलेडला बोलावणं आलं होतं," तो म्हणाला.

आम्हाला कळेना काय ते.

"त्या दिवशी सामना संपल्यावर एक माणूस त्याला भेटला. वेल्सच्या पोरांच्या संघाची निवड होती कार्डिफला. ह्याला ये म्हणाला. मागच्या पोरांना माहीत नव्हतं, फक्त मला सांगितलं त्याने. म्हणून तर पुढे येऊन बसला. म्हणाला, काका, तुम्ही बाबांना सांगू नका, मी सांगणार." एल्विनने रिमोट बाजूला ठेवला. "मी त्याच्याकडे बघितलं, नेस्ता. त्याचं तोंड बघायला मान वळवली. एवढीच. मग घसरली."

नेस्ता हलक्या आवाजात म्हणाली की बर्फ होता, सगळे म्हणाले बर्फ होता.

"होता बर्फ. रस्त्याकडे बघत असतो तर सावरली असती की नसती, मला नाही माहीत. कधीच कळणार नाही."

मी विचारलं की इद्वालला हे का नाही सांगितलं. तो म्हणाला की आधी धीर झाला नाही. नंतर वाटलं, पोराच्या निवडीचं सांगितलं तर त्याला वाटेल, मी गोड काहीतरी रचून सुटका करून घेतोय. त्या माणसाचं नावसुद्धा आलेडने सांगितलं नव्हतं.

एप्रिलमध्ये आम्ही लीग जिंकली. इद्वालच्या पट्टीवर नव्या खुर्च्या लागल्या, वर पत्र्याचं छप्पर. समितीने एल्विनचा सत्कार ठरवला, मैदानावर, सगळ्यांसमोर. तो गेला नाही. लोकांना ते फार लागलं. हेविनने घड्याळ आणलं होतं, ते त्याने नेस्ताच्या हातात दिलं आणि म्हणाला, "सांग त्याला, आम्ही काही त्याचे शत्रू नाही." नेस्ता घड्याळ घेऊन घरी गेली. मीही तिच्याबरोबर गेले. एल्विनने ते बघितलं, चांगलं आहे म्हणाला आणि कपाटात ठेवलं.

उन्हाळ्यात नेस्ताने त्याच्यामागे धोशा लावला की इद्वालला सांग, सगळं सांग, मग तो मारो की काही करो. एक दिवस तो गेला. इद्वाल अंगणात मेंढ्या कातरत होता. त्याने मशीन बंद केलं नाही. एल्विन म्हणाला, आलेडबद्दल एक सांगायचं आहे. इद्वाल हातातली मेंढी न सोडता म्हणाला, "मैदानावर येऊ नको म्हटलं होतं. अंगणात ये, असं म्हटलेलं आठवत नाही मला." मशीनचा आवाज चालूच होता. एल्विन परत आला.

वरच्या लीगमधला आमचा हंगाम वाईट गेला. पहिल्या सामन्याला कॅमेरे आले, गाव नटून आलं, आणि आम्ही चार गोलांनी हरलो. मग हरतच गेलो. शनिवारी दुपारी एल्विन गाडी काढून समुद्राकडे जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. रस्त्यावर उभं राहून बघायला काय हरकत आहे, रस्ता काही मैदान नव्हे, असं मी एकदा म्हणाले. तो म्हणाला, इद्वालला खिडकीतून रस्ताही दिसतो.

नोव्हेंबरमध्ये इद्वालला पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली, एक बाजू गेली. नेस्ता रोज बसने बांगोरच्या हॉस्पिटलात जायची. एके दिवशी तिने खुर्ची जवळ ओढून त्याला सांगितलं की आलेडला वेल्सच्या संघाच्या निवडीला बोलावलं होतं, तो घरी येऊन तुला स्वतः सांगणार होता. एल्विनने मान वळवल्याचं तिने सांगितलं नाही. मी तिला विचारलं, इद्वालला कळलं का गं? ती म्हणाली, त्याने माझा हात दाबला. पण तो सकाळपासून तसाच दाबत होता, नर्सचासुद्धा.

त्याच आठवड्यात तो गेला. चॅपलमध्ये एल्विन शेवटच्या बाकावर बसला. शवपेटी उचलायला एक माणूस कमी पडत होता, हेविनने मागे वळून बघितलं. एल्विनने नेस्ताकडे बघितलं. तिने जा म्हणून मान हलवली, पण तो उठला नाही. टपालवाला गोलकीपर पुढे झाला.

वसंतात शेवटच्या सामन्याला आम्हाला एक गुण पाहिजे होता, तो मिळाला नाही. खाली आलो. आता पुन्हा जुनीच लीग, जुनीच गावं, खुर्च्या निम्म्या रिकाम्या.

मी आणि नेस्ताने त्याला खूप समजावलं. ज्याने अट घातली तो गेला, आता कोण बघतंय? एकदा मी चिडून म्हणाले, "एल्विन, अरे मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"त्याला नाही पडत," तो म्हणाला. "पण शब्दातून सोडवायचं असतं तर त्यानेच सोडवलं असतं मला. आता कोण सोडवणार?"

पुढे मी तो विषय काढला नाही. रेषा आता शाळेतला एक मास्तर आखतो, वाकड्या येतात. नेस्ता घरच्या प्रत्येक सामन्याला येते, इद्वालच्या पट्टीवर दुसऱ्या रांगेत बसते, कडेची खुर्ची. संपल्यावर माझ्याकडून उरलेल्या दोन पाई कागदात बांधून घेते आणि पुलावरून चालत घरी जाते. एल्विनने चूल पेटवून ठेवलेली असते. कोण जिंकलं ते तो विचारत नाही. थंडी होती का, एवढं विचारतो, आणि तिचा कोट घेऊन खुंटीला लावतो.