आतली कडी

अंबादास मास्तर कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी भिंतीवर बोटाचं पेर वाजवून बघत. मग मान हलवत, "खरी हाय" म्हणत आणि खुर्चीत बसत. आमच्या होटगीच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा आईला वाटलं, हे घर विकत घ्यायला आलेत. वडील रेल्वेत गँगमन, राहायला रेल्वेचं क्वार्टर, ते विकणार कोण आणि घेणार कोण! वडिलांना हसू आवरेना. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलात, मास्तरांचं हे सगळीकडे चालू असे. "जन्मभर खोट्या भिंती बांदल्या, बोटाला सवय लागली," एवढंच ते सांगत. त्यांच्यामागे आम्ही विद्यार्थी त्याची नक्कल करायचो. माझी सगळ्यात चांगली व्हायची.

मास्तर नाटक-सिनेमाचे सेट आणि त्यातल्या वस्तू बांधायला शिकवत. वर्ग म्हणजे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतली बंद पडलेल्या टॉवेल कारखान्याची शेड. आजूबाजूचे माग चालू असायचे, त्यामुळे मास्तरांना शिकवताना ओरडावं लागे, आणि घरी गेल्यावरही ते ओरडूनच बोलत. घराणं तेलुगू विणकरांचं. वडील मागावर गेले, भाऊ मागावर गेले, हे एकटेच नाटकाच्या पडद्यामागे शिरले आणि मग सिनेमावाल्यांबरोबर गावोगाव हिंडले. मराठी आमच्यासारखीच बोलत, पण भिंत उचलायची वेळ आली की "ओकटी, रेंडू, मूडू" असे आकडे तेलुगूतून निघत. वर्गातली धनगराची, कुणब्याची, मोमीनपुऱ्यातली सगळी पोरं मूडूला बरोबर उचलत.

तिथे मी पहिली वस्तू केली ती एक खिडकी. चांगली झाली होती. पुढून रंग दिला, गजांना गंज दाखवला, आणि उत्साहाच्या भरात खिडकीची मागची बाजूही रंगवून टाकली. मागून उघडी लाकडं, खिळ्यांची टोकं कशी दिसतात, म्हटलं जरा नीट करावं. मला शाबासकीची अपेक्षा होती. मास्तरांनी खिडकी फिरवून बघितली, पटाशी घेतली आणि मागचा सगळा रंग खरवडून काढला. काढून झाल्यावर म्हणाले, "मागनं उघडं ठेवायचं. मागनं येणाऱ्याला कळाया पायजे की हितं घर न्हाय."

"मागून कोण येणार आहे, मास्तर?"

"कुनीबी येतंय. प्रेक्षक तिकीट काढून फसतो, त्याची हौस हाय ती. बाकीच्यांनी का फसावं?"

मला राग आला. वाटलं, म्हातारा रंग वाचवतोय. त्यांचे आणखीही काही नियम होते, सगळेच असे चमत्कारिक. सेट उतरवल्याशिवाय गाव सोडायचं नाही. काम थांबलं तर दाराच्या चौकटीत आडवी फळी ठोकायची. कितीही सुंदर झालं तरी सेटच्या आत बसून डबा खायचा नाही, बाहेर उन्हात बसून खायचा. सोलापूरचं ऊन, एप्रिल-मे महिना, आत मस्त सावली, आणि आम्ही बाहेर डोक्यावर टॉवेल टाकून भाकरी मोडतोय. मास्तर स्वतःही आमच्यात बसत. "खोटं करायचं, पन त्यात ऱ्हायचं न्हाय," असं म्हणून चटणीवर तेल घेत.

दुसऱ्या वर्षी आमच्यातल्या एका मुलाने एका नाटकासाठी दार केलं. दार खरोखरच देखणं होतं. त्याने हौसेने आतल्या बाजूला एक सरकती कडी बसवली. प्रेक्षकांना ती दिसणार नव्हती, नटालाही लागणार नव्हती. आमच्यापैकी कुणी तरी कौतुकानं म्हणालंही, बघा, न दिसणारं कामसुद्धा किती मनापासून केलंय. मास्तर आले, त्यांनी दारावर हात फिरवला, दार उघडून आतून बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. स्क्रू ड्रायव्हर मागितला. तो दोनदा स्क्रूच्या खाचेतून निसटला. शेवटी कडी मी काढून दिली. मग ते तिथेच एका लेव्हलवर, म्हणजे रंगमंचाच्या लाकडी चौथऱ्यावर, बसले आणि आम्हाला सांगितलं, "बसा समदे. आज काम न्हाय."

त्यांनी सांगितलं ते असं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सिनेमासाठी त्यांनी मंद्रूपच्या पुढच्या माळावर वस्ती उभी केली. बांबू, प्लाय, वरून प्लास्टरचा लेप आणि शेणामातीचा रंग. बाकी घरांना नुसत्या दर्शनी भिंती होत्या, दारं रंगवलेली. एक घर मात्र चारी बाजूंनी दाखवायचं होतं आणि त्याचं दार उघडायला हवं होतं. मास्तरांनी पाडकामातलं जुनं सागवान आणून दार केलं.

"लई चांगलं झालं हुतं दार," ते म्हणाले. "आतनं हात फिरवला तर मोकळं मोकळं लागलं. दाराला आतनं कडी न्हाय म्हंजे काय? क्यामेरा आत जानार न्हवता. मला कुनी सांगितलं न्हवतं. मी माझ्या मनानं जुन्या बाजारातनं कडी आनली आन् बसवली. घट्ट बसवली."

शूटिंग संपलं. थोडं काम राहिलंय, पुन्हा येणार आहोत, सेट उभा राहू द्या, असं कंपनीने सांगितलं आणि कंपनी पुन्हा आलीच नाही. भिंतींना मागून वजन म्हणून ठेवलेल्या वाळूच्या गोण्या दुसऱ्या कुठल्या कामाला उचलून नेल्या. मास्तरही पुढच्या कामावर गेले. जाताना त्यांनी त्या घराचं दार नीट ओढून घेतलं. घराचं दार उघडं टाकून जाऊ नये, म्हणून.

मग अवकाळी आली. वारा आणि गारा. त्या माळावर बिराप्पा नावाच्या धनगराची मेंढरं होती, बरोबर त्याची बायको मायव्वा. बिराप्पाने समोर घर बघितलं, दार बघितलं, आणि बायकोला तान्ही कोकरं घेऊन आत पाठवलं. स्वतः घोंगडं पांघरून कळपापाशी राहिला. वाऱ्याने दार आपटायला लागलं तशी तिने आतून कडी लावली. भिंत कलायला लागली. चौकट तिरकी झाली की सरकती कडी जागच्या जागी आवळून बसते, ती मग कुणाच्याही हाताने निघत नाही. बिराप्पा बाहेरून दार ढकलत होता. वरून आढं आणि भिंत आत पडली, मायव्वा त्याखाली गेली.

"कळालं तसं मी दुसऱ्या दिवशी गेलतो," मास्तर म्हणाले. "दार आख्खं हुतं. कडी लागलेली हुती."

पंचनाम्यात वादळवारा लिहिला गेला. कडीबद्दल कुणी विचारलं नाही, कारण त्यातलं कळणारा माणूस तिथे एकच होता आणि तो गप्प राहिला.

त्या दिवशी घरी जाताना मला मास्तरांची भीती वाटली, हे मी खरं सांगते. मग कीव आली. आपण ज्याची नक्कल करून हशा मिळवला ते बोट कशासाठी वाजत होतं, हे कळल्यावर ती नक्कल माझ्याच्याने पुन्हा झाली नाही.

शिकणं संपल्यावर मी तिथेच मास्तरांच्या हाताखाली शिकवायला लागले. त्यांची छाती तोवर खराब झाली होती. लाकडाचा भुसा, स्प्रेचा रंग, जाळलेल्या थर्माकोलचा धूर, सगळं आत जाऊन बसलं होतं. चार वाक्यं बोलली की धाप लागे, त्यामुळे ओरडणारा माणूस आता कुजबुजू लागला आणि मागांच्या आवाजात आम्हाला काही ऐकू येईना. डॉक्टरांनी त्यांना शेडमध्ये पाऊल टाकू नका म्हणून बजावलं होतं. ते यायचेच. पण एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. मंद्रूपच्या बाजाराच्या दिवशी मास्तर कधीच शेडमध्ये नसत. एसटीने मंद्रूपला जात, शेळ्या-मेंढ्यांचा बाजार भरतो तिथे लांब उभे राहत, बिराप्पाला बघत आणि परत येत. इतकी वर्षं हेच चाललं होतं. त्याच्याजवळ जायची त्यांची हिंमत झाली नव्हती.

"आता एसटीत चढवत न्हाय मला," ते एकदा म्हणाले. "तू गाडीवर घिऊन चल. सांगून टाकतो त्याला."

मी समजावलं. म्हटलं, एवढ्या वर्षांनी त्या माणसाची खपली कशाला काढता? तुम्हाला बरं वाटावं म्हणून त्याला का दुखवायचं?

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "मला बरं वाटायला न्हाय जायाचं. त्याच्या बायकूचं काय झालं ते त्याला ठावं न्हाय. मला ठावं हाय. मी मेलो की कुनालाच ठावं ऱ्हानार न्हाय."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी त्यांना स्कूटीवर बसवून नेलं. वाटेत दोनदा थांबावं लागलं. बिराप्पा लिंबाच्या झाडाखाली बसला होता, पुढ्यात एक शेळी आणि तिची पिल्लं. साठीच्या पुढचा, सुकलेला माणूस. मास्तर त्याच्यासमोर मातीत बसले. मी त्यांच्या मागे उभी राहिले. त्यांनी आधी आपण कोण ते सांगितलं आणि मग सगळं सांगितलं, धापा टाकत, मध्ये मध्ये थांबत. कुठलीही सारवासारव केली नाही. चौकट कशी कलली असेल आणि कडी कशी आवळली असेल, ते हाताची बोटं एकमेकांत अडकवून दाखवलं.

बिराप्पाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आतनं कडी का बसवली हुती?"

"दार चांगलं झालं हुतं म्हनून."

"चांगलं झालं हुतं," बिराप्पा म्हणाला. त्याने शेळीची दोरी हाताला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "ती आतनं वरडत हुती, कडी निघंना म्हनून. मला वाटलं हिला येत न्हाय. आमच्या पालाला कुटं कडी असती? मी तिला शिवी दिली. येडे, वडून काढ की, म्हनलो. तेच शेवटचं बोललो मी तिला."

त्याने मान वर करून मास्तरांकडे बघितलं.

"म्हंजी तिला काडता येत हुती? तिचं चुकलं न्हवतं?"

"न्हाय चुकलं तिचं. मी सवता आत असतो तर मलाबी निघाली नसती."

बिराप्पा मान खाली घालून रडला. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. बाजारातली माणसं बघत बघत पुढे जात होती. मास्तरांनी हात जोडले तेव्हा त्याने वर बघितलं आणि म्हणाला, "हात जोडू नगा. इतकी वरसं मी तिला येडी समजत आलो. तुमी तवाच यायला पायजे हुतं. आता जावा. परत हितं येऊ नगा."

मास्तर उठले. त्यांना उठवताना मला ते फार हलके लागले. मला वाटलं, म्हातारा खचला. परतीच्या वाटेवर हत्तूरच्या पुढे आल्यावर माझ्या पाठीमागून कुजबुज आली, "बरं झालं, त्यानं माफ न्हाय केलं." मी गाडी हळू केली. "का, मास्तर?" "तिच्या वाटचं त्यानं कसं करायचं माफ?"

त्यानंतर ते मंद्रूपला गेले नाहीत. शेडमध्येही फार दिवस आले नाहीत. शेवटचे काही आठवडे त्यांना आडवं होता येत नव्हतं, बसून उशीवर डोकं टेकत. मी रोज जात असे. वर्गातल्या मुलांनी काय बांधलं ते विचारत, आणि त्यातही मागनं कसं दिसतंय हेच विचारत. खोलीचं दार कुणी लोटलं तर हाताने खूण करून उघडायला लावत. त्यांची सून वैतागे, धूळ येते म्हणे, पण उघडं ठेवी. एका दुपारी कारखान्याचा भोंगा व्हायच्या सुमारास ते गेले. मी जवळ होते. सोपं नव्हतं ते.

पुढच्या बाजारी मी मंद्रूपला गेले. कशासाठी, ते मला नीट सांगता येणार नाही. मला कुणी पाठवलं नव्हतं, आणि बिराप्पाला त्यांच्याबद्दल काही ऐकायचं असेल असंही नव्हतं. तो त्याच झाडाखाली होता. मला त्याने ओळखलं. मी म्हटलं, "मास्तर गेले."

त्याने मान हलवली. बराच वेळ समोरच्या गिऱ्हाइकाशी बोलत राहिला. गिऱ्हाईक निघून गेल्यावर माझ्याकडे न बघता विचारलं, "लई तरास झाला?"

"हो. श्वास मिळत नव्हता."

"आत हुते, का भाईर?"

"आत. खोलीत."

शेळीच्या पाठीवर त्याचा हात होता, तो तिथेच थांबला. "दार उगडं हुतं का?"

"हो," मी म्हटलं. "शेवटपर्यंत उघडं होतं."

"बरं केलं," तो म्हणाला, आणि सरकून त्याने मला सावलीत बसायला जागा करून दिली.