मळीतून काढलेला दोरा

"ओढा. घाबरू नका, ओढा." कुणीही भेटो, हा माणूस आधी खिशातून दोऱ्याचा तुकडा काढून त्याच्या हातात द्यायचा. ओढला की दोरा तटकन तुटायचा. मग हा ती टोकं डोळ्यांजवळ धरून आमच्या बेटावरच्या बोलीत म्हणायचा, "लिन कासे. तुटला. बरं झालं, कळलं तरी." काय कळलं, ते आम्हाला कधी कळलं नाही.

सत्तरच्या दशकाअखेरची गोष्ट. बेटाच्या किनाऱ्यावरच्या सूयाक गावाजवळच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघं कामाला होतो. मी उसाच्या रसाची गोडी तपासायची, तो रसायनं सांभाळायचा. मी त्याला दादा म्हणायची. किनाऱ्यावर कोळ्यांची नायलॉनची फाटकी जाळी वर्षानुवर्षं खडकांना लोंबकळत राहायची. दादाला त्याचा भयंकर राग. "समुद्राला पचेल असा दोरा करीन," म्हणायचा.

आणि तो कशाचा? तर जंतूंचा! बाटल्यांत साखरेची मळी घालून त्यानं जंतू पाळले होते. गोड मुबलक आणि बाकी उपास असं ठेवलं की हे जंतू पोटात चरबीसारखा एक पांढरा पदार्थ साठवतात, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. तो पदार्थ काढायचा, वितळवायचा आणि सुईच्या भोकातून दोरा ओढायचा. ताजा असताना छान वाकायचा, मग काही दिवसांत शेवईसारखा कडक. "आयो दादा, जंतूंना रोज जेवायला घालतोस, आम्हाला एकदा चहा तरी पाज!" मी चिडवायची. त्यालाही हसू यायचं.

त्याच्यावर विश्वास ठेवणारं माणूस एकच, त्याची बायको, आमची वैनी. गणपती जवळ आले होते. मंगळसूत्राचा दोरा विरलेला दिसला, तर ही म्हणाली, "तुमचा द्या."

"थांब गं. अजून भरवसा नाही त्याचा."

"लोकांच्या हातात देता, माझ्या गळ्यात द्यायला काय झालं?"

तिच्यापुढं त्याचं काय चालणार!

देवळात ऐन आरतीत मंगळसूत्र तुटलं. काळे मणी फरशीभर झाले. बायकांच्या टाळ्या थांबल्या. एक म्हातारी पुटपुटली, "अपशकुन गं बाई." मला असा संताप आला! वैनी मात्र खाली बसून मणी वेचू लागली, तिच्याबरोबर मीही. दादा खांबाला टेकून उभा होता. लिन कासे नाही, काही नाही. त्या दिवसापासून खिशातला तुकडा बंद झाला.

मग एकदा कोळ्यांकडून बर्फ मागून आणताना दिसला. वितळलेला दोरा आता तो थेट बर्फाच्या पाण्यात सोडायचा आणि गार असतानाच हळूहळू ओढत न्यायचा, बाळाचे केस विंचरावेत तसा. मग ताणून चौकटीला बांधायचा, बॉयलरच्या उबेला ठेवायचा. किती तुटले, देव जाणे. एक मात्र टिकला. पुढचे गणपती आले तरी वाकत होता. वैनीनं जपून ठेवलेले मणी त्यानं स्वतः ओवले, गाठ मारली.

"ओढ," तिला म्हणाला.

"मी नाही ओढायची."

"अगं, बघ तरी!"

"नाही ओढायची म्हणजे नाही."

त्या दोघांना तसं भांडताना बघून मला फार बरं वाटलं होतं.

त्याच वर्षी, ऊसकापणीच्या हंगामात दादा गेला. कामावर यायला निघाला होता, बसची वाट बघताना छातीत कळ आली. त्याचं जाळं राहूनच गेलं. बाटल्यांतली मळी तशीच होती, मला तिकडं बघवेना.

त्याला उचलण्याआधी बायकांनी वैनीला त्याच्याजवळ बसवलं. तशी रीत होती. बांगड्या फोडल्या. तीच म्हातारी पुढं झाली आणि मंगळसूत्रात बोटं घालून तिनं हिसका दिला. तुटेना. दोन्ही हातांनी ओढलं. वैनीच्या मानेवर लाल वळ उठला, दोरा तसाच.

"कात्री आणा गं कुणी," म्हातारी म्हणाली.

मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, आणून तर दाखवा.

वैनी सकाळपासून रडली नव्हती. तिनं तो दोरा मुठीत धरला, दादाच्या कानाशी वाकली आणि आम्हा सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, "अहो, ओढला हो. खूप ओढला. नाही तुटला."