चूक सापडेपर्यंत

एक बरोबर दोन, हे तेव्हाच्या सबंध ठाणे जिल्ह्यात माझ्या बायकोच्या मामांइतक्या वेळा कोणीही सिद्ध केलेलं नाही, आणि तेही कोणी विचारलेलं नसताना. पोटासाठी ते बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर होते, पण रंग हा त्यांचा जोडधंदा. खरा उद्योग बीजगणितातल्या खोट्या सिद्धता रचण्याचा. ‘समजा, अ बरोबर ब’ अशी सभ्य सुरुवात करायची, वर्ग करायचे, वजाबाकी करायची, कंस काढायचे आणि सातव्या ओळीत ‘एक बरोबर दोन’ लिहून चष्म्याच्या वरून समोरच्याकडे बघायचं. मधे कुठेतरी त्यांनी शून्याने भागलेलं असायचं. अ आणि ब सारखे, म्हणजे ‘अ वजा ब’ हे शून्यच. पण त्याला कंसाचा सदरा चढवला की हा गृहस्थ शून्य आहे अशी शंकासुद्धा कोणाला येत नसे. दुसरे लोक पाहुण्याला ‘बसा’ म्हणतात, मामा ‘चूक शोधा’ म्हणत. लॉगशीटच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेल्या सिद्धता त्यांच्या शर्टाच्या खिशात इतक्या असत, की एकदा सायकलवरून पडले तेव्हा छातीला खरचटलंसुद्धा नाही.

स्टेशनजवळच्या न्हाव्याने एकदा अर्धी दाढी करून त्यांचा कागद हातात घेतला. तो चौथ्या ओळीवर असा अडकला की मामा उरलेल्या अर्ध्या दाढीनिशी पहिल्या पाळीला गेले, आणि दुकान त्या दिवशी बंदच राहिलं. कारखान्यात नवा माणूस आला की मशीन दाखवण्याआधी त्याच्यापुढे सिद्धता ठेवत. उत्तर प्रदेशातल्या बलियाकडचा एकजण हात जोडून म्हणाला, “चाचा, मैं ड्यूटी पर आया हूँ, इम्तिहान देने नहीं.” मामांनी त्याला सोपी सिद्धता दिली. त्यांना हरवलं ते फक्त किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून मासळी घेऊन येणाऱ्या मावशीने. तिच्या टोपलीशेजारी बसून मामांनी कोळशाने फरशीवर सात ओळी लिहिल्या आणि मग दोन पापलेटं मागितली. तिने एक काढून त्यांच्या पिशवीत टाकलं. मामा म्हणाले, “अगं, दोन.” ती म्हणाली, “एक आन् दोन सारकेच हाय ना मामा? आता तुमीच तं लिवलाय.” मामा ते एक पापलेट घेऊन घरी आले, आणि मला म्हणाले, “बाईला बैठक आहे हो गणिताची.”

पण चूक बोटावर धरून दाखवणारं माणूस जगात एकच होतं, ते म्हणजे त्यांची मुलगी सुलू. मामी फार लवकर गेल्या. बोईसरजवळच्या सालवडमधल्या दोन खोल्यांत बापलेक दोघंच, आणि तिसरं ते शून्य. आठ वर्षांची असताना सुलूने परकराला हात पुसत त्या कंसावर बोट ठेवलं, “बाबा, हे इथे लपलंय.” त्या दिवसापासून मामा रोज नवी सिद्धता रचायचे आणि ती रोज संध्याकाळी भात शिजेपर्यंत चूक काढायची. त्या घरात भात किती वेळ शिजवायचा हे सिद्धता किती अवघड आहे त्यावर ठरे.

सुलू लग्नाची झाली तेव्हा मामांनी जाहीर केलं, की जो चूक शोधेल त्यालाच मुलगी देणार. तीन स्थळं आली, तीन परत गेली. पालघरच्या एका इंजिनियरने तर तीन वेगवेगळ्या चुका काढून दाखवल्या. मामा तिन्हींवर ‘नाही’ म्हणाले. चौथा मुलगा चिंचणीचा, इलेक्ट्रिशियन. तो सुलूच्या मनात भरला होता. तो बघायला येण्याच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, “भावोजी, बाबांना ह्या वेळी सोपं द्यायला सांगा ना.” मी सांगितलं. मामा म्हणाले, “चारच ओळींचं देतोय. आणखी किती सोपं?”

मुलाची आई पोह्यांची बशी घेऊन बसली आणि मुलगा कागद घेऊन. शून्य दशांश नऊ नऊ नऊ, असे न संपणारे नऊ. त्यांना दहाने गुणलं, त्यातून मूळचं वजा केलं, नवाने भागलं, आणि उत्तर एक. न संपणारे नऊ म्हणजे पूर्ण एक. मला तर ही सगळ्यांत उघड थाप वाटली. मुलगा बराच वेळ बघत राहिला. पोहे संपले, चहा झाला. आई म्हणाली, “आमी पोरगी बगाया आलो की पोराचा पेपर द्याया?” मुलाने कागद खाली ठेवला. “काका, यात चूक नाय.”

“नीट बघा.”

“तीनदा बघितलं. दिसायला खोटं हाय, पण चूक नाय.”

सुलू आतून आली, तिने कागद उचलला आणि उभ्याउभ्याच वाचला. “बाबा, हे बरोबर आहे.” मामा पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता. “तिघांनाही हाच कागद दिला होता तुम्ही?” ती म्हणाली.

मामांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. “चूक नाही म्हणणारा कोणी येईलसं वाटलं नव्हतं मला,” ते म्हणाले, आणि मुलाच्या आईकडे वळून, “साखरपुडा कधी करायचा?” एवढंच पुढे बोलले.

लग्नानंतर सुलू दर रविवारी चिंचणीहून एसटीने सालवडला यायची. मी एकदा गेलो होतो तेव्हा बापलेक ओट्यावर बसले होते. मामांनी नवी सिद्धता दिली होती, आणि ती नवी कसली, तीच जुनी, कंसातल्या शून्याची, आठव्या वर्षी काढलेली. सुलू कपाळाला आठ्या घालून बघत होती. “सापडत नाही हो बाबा.” चारची एसटी गेली. “अजून नाही.” साडेपाचचीही गेली. मी तिच्या मागेच उभा होतो. तिचा अंगठा त्या कंसावरच होता, अगदी घट्ट. मी मामांकडे पाहिलं. त्यांनाही तो दिसत होता. ते म्हणाले, “घाई नको करूस. अवघड आहे जरा,” आणि भाताला आधण ठेवायला आत गेले.